दोन मिनिटांचं पाणी

सर, परवा तुम्हाला समाधी दिली. तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवलेलं होतं, पाठ ताठ, कपाळावर विभूती. क्षणभर मला वाटलं, तुम्ही परीक्षेच्या सुपरव्हिजनलाच बसला आहात आणि आता म्हणाल, "सुजाता, खाली बघून लिही." मी खाली बघितलं. रडू आलं नाही. आधी त्याचा राग आला, मग तुमचा आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुमचं गाव कोणतं, नोकरी किती वर्षं, किती विद्यार्थी इंजिनिअर झाले, हे सगळं पेपरात येऊन गेलं. त्यात टँकरचंही एक वाक्य होतं. दुष्काळात सरांनी घड्याळ लावून गावाला समान पाणी वाटलं म्हणे. मी ते तीनदा वाचलं आणि चहा तसाच ठेवून उठले. समान पाणी! ते वाक्य खोटं आहे हे आकड्यांनिशी सांगू शकतील अशी दोनच माणसं होती. त्यातले तुम्ही गेलात.

तुमच्याशी भांडण उकरायचं तर आधी तुमचं कौतुक करावं लागतं, हीच माझी अडचण आहे. मला फिजिक्स तुम्ही दिलंत. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून पेंटरने 'जि. लातूर' लिहिलं होतं, पण जुनी अक्षरं खालून पुसट दिसत होती. अहमदपूर आणि चाकूरच्या मधलं आमचं गाव नव्या जिल्ह्याच्या कौतुकात होतं आणि विहिरींनी तळ गाठला होता. माझी माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. मी नववीत होते. आणि तुम्ही एका सकाळी वर्गात शिंप्याची टेप, किराणा दुकानातलं एक किलोचं वजन आणि लाल दोरीत अडकवलेलं प्रयोगशाळेचं स्टॉपवॉच घेऊन आलात.

"ही तिघं थोरली बगा," तुम्ही म्हणालात. "लांबी, वस्तुमान, वेळ. यांना दुसऱ्या कुणाचा आधार लागत न्हाई. पुढं कॉलेजात जाताल तवा यांची आणखी चार भावंडं भेटतील. बाकी झाडून साऱ्या राशी यांच्या पोटच्या. क्षेत्रफळ म्हंजे लांबीला लांबीनं गुणलं. वेग म्हंजे लांबीला वेळेनं भागलं. थोरल्या त्या मूलभूत, पोटच्या त्या साधित. एवढं समजलं की निम्मं फिजिक्स समजलं."

आम्ही राशी सांगत गेलो आणि तुम्ही प्रत्येकीचे आईबाप काढून दाखवत गेलात. घनफळ, घनता, बल, दाब. मला इतका आनंद झाला होता, की मी उठून विचारलं, "सर, तहान मूलभूत का साधित?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "तहान ही राशीच न्हवं. जिला एकक न्हाई, ती राशी न्हाई." मी खाली बसले आणि ते वहीत लिहून घेतलं. तुम्ही सांगितलेलं सगळंच मी लिहून घ्यायची.

मग टँकर सुरू झाला. तो शाळेसमोर उभा राहायचा, मागे रबरी पाइप, आणि त्या पाइपाभोवती पहिले आठ दिवस नुसती हाणामारी. ज्याच्या दंडात जोर त्याच्या घरात पाणी. एका बाईचं डोकं हंड्याने फुटलं. तेव्हा तुम्ही मधे पडलात. ज्या गावात मास्तर लोक दुपारनंतर एस.टी. पकडून अहमदपूरला पळायचे, तिथे तुम्ही संध्याकाळपर्यंत उन्हात उभे राहिलात. पंचायतीच्या घर नंबराप्रमाणे रांग लावलीत. एका घराला दोन मिनिटं. गळ्यात स्टॉपवॉच, तोंडात शिट्टी. शिट्टी वाजली की पाइप पुढच्या घराकडे. शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या घरासाठी तुम्ही सेकंद वाढवला नाहीत आणि आमच्यासाठी कापला नाहीत. मारामारी थांबली, हे खरं आहे. तो मान मी तुमच्याकडून काढून घेत नाही.

लोकांना तुम्ही सांगितलंत, "वेळ मूलभूत राशी हाय. तिच्यात कुणाला लबाडी करता येत न्हाई." गावाला राशीबिशी काय कळणार, पण घड्याळ कळलं. सगळ्यांना सारखी मिनिटं म्हणजे सगळ्यांना सारखं पाणी, असं जो तो धरून चालला. तुम्हीही.

घर नंबर एक वेशीजवळ, त्याच अध्यक्षांचं. शेवटचे नंबर गावाबाहेरच्या आमच्या बौद्ध वस्तीतले, आणि शेवटचा नंबर आमचा. भरलेला टँकर जोरात वाहतो. रिकामा होत आला की धार बारीक होते, आणि अगदी शेवटी पाइप पाण्याऐवजी हवाच ओढतो. वेशीजवळच्या घरांची भांडी संपायची आणि मिनिटं उरायची. उरलेल्या मिनिटात ते बैलाची पाठ भिजवायचे. आमची मिनिटं संपायची आणि भांडी उरायची.

माय एका संध्याकाळी रिकामी घागर पालथी घालत म्हणाली, "तुज्या सरला म्हनावं, दोन मिन्टं देऊ नगं, दोन घागरी वाढवून दे. घड्याळ पेवावं का आमी?"

मला तिचाच राग आला. तुमच्या घड्याळात खोट असेल हे मला पटेना. म्हणून मोजायला गेले, तेही तुम्हाला खरं ठरवायला. शाळेच्या भिंतीवर बसून तीन दिवस मोजलं. वर्गातल्या एका मुलीच्या भावाचं मनगटी घड्याळ मागून घेतलं होतं. घर नंबर एकला एक घागर भरायला आठ सेकंद. मधल्या घरांना बारा, तेरा. आमच्या शेजारच्यांना वीस. आम्हाला बावीस. म्हणजे त्याच दोन मिनिटांत त्यांना पंधरा घागरी आणि आम्हाला साडेपाच. ती अर्धीही मायने पाइप झटकून काढलेली.

वही घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या पुसत होतात. तुम्ही कोष्टक बघितलं. बोट ठेवून एकेक ओळ वाचलीत.

"कुणी सांगितलं तुला मोजायला?"

"तुम्हीच, सर. मोजल्याबिगर बोलू नये म्हनलाव."

"हाव. म्हनलो व्हतो." तुम्ही नळी खाली ठेवलीत. "बरोबर हाय तुजं. पाणी म्हंजे प्रवाह गुणिले वेळ. मी वेळ सारखा केला आन् प्रवाह सारखाच हाय म्हणून गृहीत धरला. पहिलीच पायरी चुकली माजी."

त्या क्षणाइतका मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, सर. हे तुमच्या तोंडावर कधी सांगितलं नाही. एक मास्तर नववीतल्या पोरीसमोर, तीही आमच्या वस्तीतली, चुकलो म्हणाला. मी विचारलं, एक दिवस रांग उलटी लावली तर? किंवा मिनिटं सोडून घागरीच मोजल्या तर? तुम्ही म्हणालात, "सोमवारी अध्यक्षांच्या कमिटीत बोलतो." मी पळत घरी गेले आणि मायला सांगितलं की सोमवारपासून पाणी वाढणार.

मंगळवारी तुम्ही वर्गात पेढे वाटलेत. नोकरीत कायम झाल्याची ऑर्डर मिळाली होती. मीही पेढा खाल्ला, आणि सुट्टीत हळूच विचारलं, "सर, कमिटी काय म्हनली?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बोललो. ते म्हनले, लोक खूश हायत तर चालू द्या." संध्याकाळी टँकर आला. रांग तीच, शिट्टी तीच. मायने माझ्याकडे बघितलं आणि घागर काखेला लावली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावरून येताना वाट वाकडी करून ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीत उतरायला लागली. पंधरवड्यात तिथल्या पायरीवरून घसरली आणि मनगट मोडलं. हाड वाकडं बसलं. मरेपर्यंत तिला भरली घागर उजव्या हाताने उचलता आली नाही. तुम्ही तिला बघायला आला होतात, संत्री घेऊन. ती तुम्हाला म्हणाली, "सर, लेकीला शिकवा." तुम्ही मान हलवलीत, आणि शिकवलंतही.

त्याच वर्षी नव्या जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन लातूरला भरणार होतं. तुम्ही म्हणालात, तुझाच प्रयोग नेऊ. मी तेलाच्या डब्याला तळाशी खिळ्याने भोक पाडलं, कडेला पट्टी चिकटवली, आणि पाणी उतरतं तशी धार कशी मंदावते ते दाखवायची तयारी केली. शेजारी तक्ता. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शाळेसमोरचा टँकर', आणि खाली रकाना, 'घर क्रमांक'. मला वाटलं, कमिटीने ऐकलं नाही तर नाही, लातूरचे साहेब लोक वाचतील.

तुम्ही लाल पेन काढलंत. 'टँकर' खोडून 'टाकी' केलंत. 'घर क्रमांक' खोडून 'निरीक्षण क्रमांक' केलंत. मग शेवटच्या ओळीवर पेन थांबलं, आमच्या ओळीवर. "हे निरीक्षण आलेखावर बसत न्हाई. हवा आली असंल पाइपात. त्रुटी समज आन् गाळून टाक."

मी तक्ता नव्याने लिहिला. स्वच्छ अक्षरात, शेवटची ओळ गाळून.

लातूरला परीक्षक आले. त्यांनी डबा बघितला, आलेख बघितला, आणि विचारलं, "बाळ, याचा व्यवहारात उपयोग काय?" तुम्ही माझ्या मागे उभे होतात. मी वळून बघितलं. तुम्ही तुमच्या चपलांकडे बघत होतात. मी म्हणाले, "धरणाच्या बांधकामात होतो." पहिलं बक्षीस मिळालं. गावात आल्यावर ट्रॉफी शाळेत अध्यक्षांच्या हस्ते घेतली. तो फोटो शाळेत अजून आहे. त्यात मी हसते आहे, आणि ते हसू मला अजून बघवत नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी काय नाही केलंत! नांदेडला बी.एस्सी.ला मला सोडायला तुम्ही आलात, माझी पत्र्याची ट्रंक एस.टी.च्या टपावरून स्वतः उतरवलीत. हॉस्टेलच्या वॉर्डनने आडनाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या तेव्हा तुम्ही पाय रोवून उभे राहिलात आणि खोली मिळेपर्यंत हलला नाहीत. दर महिन्याला पोस्टकार्ड यायचं, त्यावर एक गणित आणि खाली 'मोजल्याशिवाय बोलू नये'. मी लेक्चरर झाले तेव्हा गावात पुन्हा पेढे तुम्हीच वाटलेत. मला कळायचं नाही की हे प्रेम आहे की परतफेड. अजून कळत नाही. दोन्ही असेल, पण त्यातलं थोरलं कोणतं आणि पोटचं कोणतं, हे तुम्हीच सांगायला हवं होतं.

गेल्या महिन्यात तुम्हाला भेटायला आले. दुपार होती, पंखा हळू फिरत होता, नर्स हाताला सलाईन लावून गेली होती. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि चहा टाकता टाकता जुनं बोलत बसल्या. "लई कष्ट काढले बग त्यांनी. कायमची ऑर्डर भेटली तो सोमवार मला अजून ध्यानात हाय. कमिटीची मीटिंग व्हती, पर झालीच न्हाई. अध्यक्षांनी हातात ऑर्डर दिली आन् जेवायला ठेवून घेतलं. तिथं पोटभर जेवून आले, तरी रातभर घास उतरला न्हाई म्हनत व्हते सारखं." त्या हसल्या. मीही हसले. चहा उतू गेला.

म्हणजे मीटिंग झालीच नव्हती. तुम्ही बोललाच नव्हतात. 'बोललो' हा शब्द इतकी वर्षं मी जपून ठेवला होता, सर. वाटायचं, आपला माणूस बोलला तर होता, जग ऐकत नाही त्याला तो काय करणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं स्वतःला समजावत आले. इथे आड भरलेला होता आणि पोहरा तुमच्या हातात होता.

बाहेर आले. तुम्ही डोळे उघडलेत आणि सलाईनच्या नळीकडे बोट केलंत. "मोज."

मी घड्याळ लावून मोजले. "मिनिटाला तीस थेंब."

"बाटली खाली गेली की कमी व्हतेत का?"

"होतात थोडे. चकती फिरवून वाढवावे लागतात."

तुम्ही बाटलीकडे बघितलंत. ओठ हलले. मग म्हणालात, "फिरवायला पायजे व्हती." आणि डोळे मिटलेत.

नर्सबद्दल बोललात की त्या सोमवारबद्दल? मी खुर्चीवरच बसून राहिले. विचारायचं होतं, सर, नोकरीच प्यारी होती तर तसं सांगायचं होतं, मला समजलं असतं. घरात लहान लेकरं, वर अध्यक्षांचा हात, न समजण्यासारखं काय होतं? पण माझं खरं मोजमाप त्रुटी म्हणून गाळायला का लावलंत? तुम्ही झोपलात. मी शेवटची बस पकडली. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. विचारलं नाही म्हणजे उत्तर ऐकावं लागलं नाही. हे मी तुमच्याकडूनच शिकले.

काल शाळेत शोकसभा झाली. निवेदक म्हणाला, वेळेअभावी प्रत्येकाला दोन मिनिटं. मी पहिल्या रांगेत, लातूर-नांदेडकडून आलेल्या पाहुण्यांत, आणि नावही पहिलंच पुकारलं. सरांची लाडकी विद्यार्थिनी, प्राध्यापिका. हॉल भरलेला, माइक खणखणीत. ट्रॉफीचा फोटो स्टेजवरच ठेवला होता. मी मूलभूत राशींचा धडा सांगितला, ट्रंक सांगितली, वॉर्डन सांगितली. लोकांनी डोळे पुसले. टँकरचं कोष्टक माझ्या पर्समध्ये होतं. नववीतली वही मी अजून फेकलेली नाही. पर्सची चेन मी उघडली नाही.

सगळ्यात शेवटी आमच्या वस्तीतले किसनमामा बोलायला उठले. टँकरच्या रांगेत आमच्या अगदी पुढचं घर त्यांचं. आता ऐंशीच्या घरातले, काठी टेकत स्टेजवर चढले. तोवर लोक उठायला लागले होते, मागे खुर्च्या आवरत होते, माइकवाला वायर गुंडाळत होता. मामांचा आवाज पुढच्या दोन रांगांपर्यंत पोचला असेल. "लई इमानदार मानूस. घड्याळ बगून पानी देलं आमाला. एक सेकंद इकडचं तिकडं केलं न्हाई." निवेदकाने त्यांच्या खांद्याला हात लावला. वेळ झाली होती. काटा मी बघत होते. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

बाहेर लिंबाखाली मी त्यांना गाठलं. "मामा, आपल्याला पाणी कमी यायचं. मी मोजलं होतं."

"ठाऊक हाय की माय," ते म्हणाले. "घागर उचलली की कळतंय, त्याला मोजायला कशाला पायजे? समद्या वस्तीला ठाऊक व्हतं."

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांला वाईट वाटलं असतं. एवढं उनात हुबा ऱ्हायाचा मानूस." मामांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आन् त्यांला ठाऊक नसंल. ठाऊक असतं तर त्यांनी काय तरी केलं असतंच की. व्हय का न्हाई?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं.

मी म्हणाले, "व्हय, मामा. त्यांना ठाऊक नव्हतं."

सर, तक्त्यातून माझं घर मी तुमच्यासाठी गाळलं. परीक्षकांना धरण सांगितलं तेही तुमच्यासाठी. हे तिसरं. यापुढे मागू नका.

तुम्ही म्हणाला होतात, तहानेला एकक नाही. होतं. आमच्या वस्तीत त्याला घागर म्हणत. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की पहिला धडा मूलभूत आणि साधित राशींचाच असतो. यंदा फळ्यावर धरण नसेल. शाळेसमोरचा टँकर असेल, घर क्रमांक असतील, आणि पोरांनी विचारलं की वाटप कोणी केलं, तर मी तुमचं नाव सांगेन आणि तक्ता कोणी खोडून लिहिला विचारलं तर माझं. जी ओळ तुम्ही गाळायला लावलीत आणि मी गाळली, ती सगळ्यात आधी लिहीन. शेवटचं घर. वेळ, दोन मिनिटं. पाणी, साडेपाच घागरी. त्रुटी नाही.